गवंड्यांची परीक्षा

खात्यातून निवृत्त झालो, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नेरळच्या बाजूचा तो बिनगिलाव्याचा बंगला आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

मी तेव्हा कर्जतला फौजदार होतो. परदेशात मजूर पाठवण्याबद्दलचा नवा कायदा नुकताच आला होता. पूर्वी कोणीही उपटसुंभ आखातात माणसं धाडायचा. आता दलालाला सरकारी नोंदणी सक्तीची झाली. परिपत्रकावर ठाण्यात सगळ्यांनी सह्या ठोकल्या. वाचलं होतं मी एकट्यानं!

एका सकाळी हजेरी चालू असताना दहिवलीचा एक गवंडी दारात आला. मेव्हण्यानं आखातातून त्याच्यासाठी पक्की नोकरी पाहिली होती. महिनाअखेरपर्यंत पोचला नाही तर ती जाणार होती. पण पासपोर्ट त्यानं आधीच एका दलालाकडे दिलेला.

"सायब, परीक्षा म्हनून आमा सात जनांकडनं बंगला बांधून घेतला त्यानं. पास झालात तर धाडतो म्हनला. आता इचारतो, तुमी कोन?"

परीक्षेच्या नावाखाली फुकटात बंगला! मी दलालाला उचलून आणला. कडक इस्त्रीची सफारी, तोंडात पान.

"बंगला मुंबईच्या कंत्राटदारानं बांधला, साहेब. ही माणसं मी पाहिलेलीच नाहीत. दलालीच केली नाही, तर नोंदणी कशाला?"

घरझडतीत पासपोर्ट मिळाले नाहीत. दोन तास विचारलं, पठ्ठ्या तेच घोकत राहिला. वर मलाच कायदा शिकवतोय! डोकं सणकलं, पण हात आवरला.

मग गवंड्यांना विचारलं, "आपापलं काम ओळखाल का रे?"

दहिवलीचा रागावलाच. "आईला पोर वळखायला सांगता व्हय, सायब?"

दोन पंच घेतले. दलालालाही सोबत बंगल्यावर नेलं. एकेका गवंड्याला वेगळा आत सोडला. प्रत्येकानं सरळ जाऊन आपल्या भागावर हात ठेवला. एकाचा विटांमधला सांधा बारीक, दुसरा कोपऱ्यात अर्धी वीट घालणारा. दोघांनी एकाच जागेवर हक्क सांगितला, असं एकदाही झालं नाही. पंच तोंडात बोट घालून पाहत राहिले.

शेवटी दहिवलीचा आत गेला. स्वतःचं काम दाखवून परतताना मागच्या खोलीत एका बुजवलेल्या कोनाड्यापाशी थांबला.

"ह्यो कुनी भरला? आमच्यातल्या कुनाचा हात नाय हा. गवंडी मेला तरी असा सांधा भरायचा नाय!"

मी दलालाकडे वळलो. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पहार घातली. आत बिस्किटांचा डबा, डब्यात सातही पासपोर्ट. फोटो बदलून ते मुंबईत विकायचा त्याचा बेत होता.

आता पासपोर्ट मुद्देमाल झाले. कोर्टात पडून राहिले असते, तर महिना तिथंच सरला असता. मी स्वतः अर्ज घेऊन न्यायाधीशांपुढे उभा राहिलो आणि तिसऱ्या दिवशी दहिवलीच्या गवंड्याला पासपोर्ट मिळवून दिला. तो वेळेत पोचला. दलालाला पुढे शिक्षा लागली. नव्या कायद्याखाली आमच्या ठाण्यातला तो पहिला गुन्हा. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

पण कायद्यानं मला फक्त कलम दिलं. पुरावा दिला तो त्या सात जणांच्या कसबानं. हवालदारानं त्यांच्या जबाबात 'धंदा: मजुरी' असं लिहिलं होतं. मी सातही जबाब परत लिहायला लावले आणि प्रत्येकात 'गवंडी' लिहून घेतलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माणसाचं काम काय, ते नीट विचारल्याशिवाय मी एकाही जबाबावर सही केली नाही.