खालचा बाण

कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात मशीन उघडून परत बंद केलं की एखादा स्क्रू उरतोच. कुठला, कुठून निघाला, देवाला ठाऊक! मशीन मात्र झक्क चालतं. आमच्याकडे अशा स्क्रूंनी लोणच्याची एक बरणी भरली आहे. किस्स्यांचंही तेच. गिऱ्हाईक मशीन घेऊन घरी जातं, किस्सा आमच्याकडे राहतो. पूर्वी ते सांगायला आम्ही दोघं होतो, मी आणि माझा पार्टनर विलास. गेल्या श्रावणात विलास गेला. आता एकट्याने सांगताना मध्येच अडखळतो, तेवढं सांभाळून घ्या.

*

थळच्या बाजारात आमचं दुकान. विलासचा हातखंडा म्हणजे एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन सिस्टिम बसवणं. घरात कॉम्प्युटर एक आणि वापरणारे दोन. बापाला विंडोज लागतं, पोरीला कॉलेजसाठी लिनक्स. बाकीचे लोक एकाच डिस्कचे दोन वाटे करतात आणि दोन्ही त्यात कोंबतात. विलासला ते अजिबात चालायचं नाही.

"दोन सख्खे भाऊ एका खोलीत नांदत नाहीत, इथे कशाला प्रयोग? दोन डिस्क घाल!"

आणि नवीन डिस्कवर सिस्टिम टाकायच्या आधी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायची, हा त्याचा कायदा. जुनी डिस्क जोडलेलीच नसली तर तिला धक्का लागणार कसा? केबल काढताना तो त्या डिस्कशी चक्क बोलायचा. "तू जरा बाहेर थांब गं, आत काम चाललंय." गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. मी म्हणायचो, "हुशार आहे हो, फक्त असा आहे."

*

एकदा मी केबल काढली नाही. घाई होती, म्हटलं त्याने काय होतंय! उरणच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातल्या पाटीलसाहेबांचं मशीन. दोन्ही सिस्टिम छान चालल्या, साहेब खूश होऊन गेले.

महिन्याभराने त्यांनी जुनी डिस्क काढून टाकली आणि नवीनही चालू होईना! झालं होतं असं, की नवीन सिस्टिमचा चालू होण्याचा भाग जाऊन बसला होता जुन्या डिस्कवर. साहेब उरणहून एसटीने आले, कॉम्प्युटरचं अख्खं कॅबिनेट मांडीवर घेऊन. आल्या आल्या म्हणाले, "कंडक्टरने याचं पण तिकीट मागितलं!"

नशीब, पुसलं काही गेलं नाही. तेही होऊ शकतं. दोन डिस्क जोडलेल्या असल्या की यादीत सारख्याच दिसतात. एक क्लिक चुकला की कोणाची तरी दहा-पंधरा वर्षं साफ!

विलास ओरडला नाही. त्याने चिकटपट्टीवर 'आधी केबल' असं लिहिलं आणि ती माझ्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीला गुंडाळली. अजून आहे ती पट्टी. अक्षरं पुसट झाली आहेत, पण वाचता येतात.

*

दोन सिस्टिम असल्या की मशीन चालू होताना एक मेनू येतो. दोन ओळी असतात. दहा सेकंद उलटी मोजणी चालते, आणि तुम्ही काहीच दाबलं नाही तर वरची ओळ आपोआप उघडते. विलास त्या ओळींवरची इंग्रजी नावं काढून माणसांची नावं टाकायचा. "लोकांना लिनक्स कळत नाही रे दिन्या, आपलं नाव कळतं." आणि मग प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एक प्रश्न विचारायचा. "दहा सेकंद कोणी काही दाबलं नाही, तर कोणाचं उघडायचं?"

नागावचं एक जोडपं आलं होतं, नारळ-सुपारीची वाडी असलेलं. काका लगेच म्हणाले, "माझं."

काकू म्हणाल्या, "काही नाही, माझं ठेवा! तीस वर्षं झाली लग्नाला. एक बटण तरी यांना स्वतःच्या हाताने दाबू दे!"

*

आमच्या शाळेतले रिटायर झालेले गुरुजी तक्रार घेऊन आले. "विलास, मी चष्मा शोधेपर्यंत तुझे दहा सेकंद संपतात, आणि नातवाचं उघडतं."

"गुरुजी, सोपं आहे. खालचा बाण एकदा दाबायचा. मोजणं तिथेच थांबतं. मग चष्मा शोधा, चहा घ्या, वामकुक्षी घ्या. तुम्ही एंटर दाबल्याशिवाय ते पुढे जात नाही."

गुरुजींनी दुकानात तीनदा करून बघितलं. मग म्हणाले, "अरे, हे बटण आधी दिलं असतंस, तर मी रिटायरच झालो नसतो!"

हा किस्सा विलासने शंभर वेळा सांगितला असेल. शेवटचा सांगितला तेव्हा तो अलिबागच्या हॉस्पिटलात होता, हाताला सलाईन. "दिन्या, तो गुरुजींचा बाण इथे कुठे मिळतो का बघ रे," म्हणाला. मी हसलो. बाहेर पॅसेजमध्ये आलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो.

*

विलासच्या मुलीला, सईला, डिप्लोमाला ॲडमिशन मिळाली. तिला लिनक्स हवं होतं. तिच्या आईने, सुनीता वहिनींनी, मला घरी बोलावलं.

"भावोजी, सईचं नवीन टाका. पण यांच्या डिस्कमधलं काही हलता कामा नये. तेवढंच राहिलंय."

सईच्या बारशापासूनचे फोटो, विलासने काढलेली वहिनींची शूटिंगं, सगळं त्या एका डिस्कवर. कॉपी कुठेच नाही. दुसऱ्यांना कॉपी ठेवा म्हणून दम देणारा माणूस! मी स्क्रू ड्रायव्हर काढला. आधी केबल. केबल निघाली आणि सवयीने तोंडातून गेलं, "तू जरा बाहेर थांब..." वहिनी पाणी ठेवून आत निघून गेल्या.

काम नीट झालं. केबल परत जोडली, विलासचं सगळं जागच्या जागी होतं. मेनूत सई आणि विलास अशी दोन नावं टाकली. मग मला तो प्रश्न विचारावाच लागला.

"वहिनी, दहा सेकंद कोणी काही दाबलं नाही, तर कोणाचं उघडायचं?"

त्यांनी स्क्रीनवरची दोन्ही नावं वाचली. "सईचं," म्हणाल्या. "तिला पुढे जायचंय." मी सईचं नाव वर ठेवलं, विलासचं खाली.

वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी गुरुजींच्या बाणाचा किस्सा सांगितला. विलास गेल्यापासून वहिनी पहिल्यांदा हसल्या.

*

महिन्याने सईचा फोन. "काका, कॉम्प्युटर बिघडलाय. मी कॉलेजातून येते तेव्हा रोज त्या मेनूवरच अडकलेला असतो. आईला विचारलं तर काही बोलत नाही."

विलासची डिस्क गेली की काय! दुकान तसंच उघडं टाकून दुपारी त्यांच्या घरी पोचलो. सई कॉलेजात होती. वहिनी कॉम्प्युटरसमोर पाटावर बसून बिरड्यासाठी वाल सोलत होत्या. स्क्रीनवर दोन नावं. मोजणं थांबलेलं. निवडलेलं नाव दाखवणारी पांढरी पट्टी खालच्या नावावर, विलासच्या.

"बिघडलं नाही हो भावोजी," वहिनी म्हणाल्या. "सईला सांगू नका."

मी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला. वहिनी पदराला हात पुसत उठल्या.

"बसा, चहा टाकते. तोवर तेवढं एंटर दाबू नका."