काळ्या दर्याची पहाट

समेटबाईंचं सगळं आयुष्य नवराबायकोची भांडणं मिटवण्यात गेलं. न्यायालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या खोलीत त्या बसत. खोलीत गोल टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचं खोकं. खरं नाव त्यांना होतंच, पण ते फक्त सासूबाई घेत. बाकी न्यायाधीशांपासून शिपायापर्यंत सगळे समेटबाईच म्हणत. घर कुणाचं, पोरं कुणाकडे, कुत्रा कुणी पाळायचा, असल्या प्रश्नांत त्यांचे केस पिकले होते. व्हिडिओ गेमशी संबंध म्हणाल तर नातवंडांच्या हातातून तो हिसकावून घेण्यापुरता.

म्हणून कारकुनाने नवी फाइल आणून ठेवली तेव्हा त्या चक्रावल्या.

"अहो, हे गेमचे हक्क वगैरे मला काय कळतंय?"

"कळायचं काय त्यात बाई? नवराबायको नाहीत, पण भांडतात अगदी तसेच. साहेब म्हणाले, खटला चालवण्याआधी तुम्ही एकदा बघा."

प्रकरण असं होतं. तरुणपणी दोन मित्रांनी एका लाँड्रीच्या माळ्यावर बसून 'काळा दर्या' नावाचा गेम केला. एक आकडेमोडीत बुडालेला, त्याला सगळे गणिती म्हणत. दुसरा चित्रकार. गेममध्ये एक नावाडी अंधाऱ्या समुद्रातून होडी हाकत विझलेली दीपगृहं एकेक करून पेटवत जातो, बस्स, एवढंच. पण एक अख्खी पिढी त्या नावाड्यापायी जेवणाखाण्याचं भान विसरली. लागोपाठ तीन भाग निघाले. तिसऱ्याच्या खोक्यावर एकट्या गणितीचं नाव छापून आलं, ते कुणामुळे यावर दोघांचं कधीच एकमत झालं नाही, आणि तिथून जे फाटलं ते फाटलंच. गेमचं नाव आणि प्रोग्राम गणितीकडे, चित्रं चित्रकाराकडे. आता एक कंपनी सगळे भाग नव्याने काढून चौथाही करायला तयार होती, पण एक हो म्हणाला की दुसरा नाही म्हणे. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

पहिल्या बैठकीत समेटबाईंनी आपली नेहमीची पद्धत वापरली. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि स्वतः निरोप्यासारख्या येरझाऱ्या घातल्या.

"त्याला सांगा, माझा नावाडी त्याच्याशिवायही होडी हाकेल," चित्रकार म्हणाला.

"हाकेल? माझ्याशिवाय तो भिंतीवर टांगून राहील, कॅलेंडरसारखा," गणितीचं उत्तर.

संध्याकाळपर्यंत बाईंचे गुडघे बोलू लागले, समेट मात्र इंचभर पुढे सरकला नाही. घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझं चुकलंच आज. मूल डोळ्यांनी न बघताच ते कुणाकडे राहील हे ठरवायला निघाले होते मी."

पुढच्या बैठकीला त्यांनी फर्मान काढलं, "मला तो गेम दाखवा." वकिलांनी भुवया उंचावल्या. पण कुठून तरी जुनं यंत्र आणि पेटीसारखा जाडजूड टीव्ही आला, गोल टेबलावर मांडला गेला, आणि गणितीने तिसरा भाग सुरू केला.

पडदा आधी काळाकुट्ट होता. मग त्या काळोखात निळ्याची एक रेघ हलली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता जिन्याखालच्या खोलीत समुद्र उभा राहिला. समेटबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"एवढ्या लाटा काढायला किती दिवस लागले असतील हो तुम्हाला?"

"लाट एकच आहे," चित्रकार म्हणाला. "एकदाच काढली. ती हलतच नाही."

"म्हणजे? ही समोर हलतेय की!"

"चित्र जागच्या जागी असतं," गणिती पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "रंग तेवढे जागा बदलतात. हलत्या लाटा ठेवायला यंत्रात जागा कुठली? आज फोनमधल्या एका फोटोत असे कितीतरी दर्या मावतील."

"आणि हे तारे?"

चित्रकाराच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "ताऱ्यांसाठी मी रुसून बसलो होतो. हा म्हणे जागा नाही."

"नव्हतीच," गणिती म्हणाला. "शेवटी प्रोग्रामचेच आकडे ठिपके करून आभाळात टाकले. बाई, तुम्ही बघताय ना, ते तारे नाहीत, तो प्रोग्रामच आहे. हा समुद्र ज्याच्यावर चालतो तोच वर चमकतोय."

देवळात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो, तसा समेटबाईंचा आवाज खाली आला. "शेवटपर्यंत खेळा," त्या म्हणाल्या.

पण गणितीची बोटं आता पूर्वीची राहिली नव्हती. होडी खडकावर आपटे, फुटे, पुन्हा मागून सुरुवात. जेवणाची वेळ टळून गेली. दोन्ही पक्षांचे वकील कोट काढून टेबलाभोवती उभे होते, कोण कुणाचा ते ओळखू येईना. पुन्हा एकदा होडी खडकाच्या तोंडाशी गेली तेव्हा चित्रकार ओरडला,

"डावीकडे घे रे! तो खडक मीच ठेवलाय तिथे!"

इतक्या वर्षांत तो गणितीशी थेट बोललेला हा पहिला शब्द. गणितीने होडी डावीकडे घेतली.

शेवटचं दीपगृह पेटलं. काळ्या पाण्याच्या कडेला जांभळी छटा आली, मग तांबूस, मग लाटांच्या माथ्यांवरून सोनं ओघळत होडीपर्यंत आलं. नावाड्याने वल्हं खाली ठेवलं.

"मी हे पाहिलं नव्हतं," चित्रकार पुटपुटला.

"असं कसं? तुम्हीच काढलंय ना?" समेटबाईंनी विचारलं.

"काढलं. मग भांडण झालं. हा भाग मी घरात शिरू दिला नाही कधी. माझ्या कागदावर ही पहाट नुसती पडून होती हो. ही अशी उगवते, मला माहीतच नव्हतं."

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पुढे बऱ्याच बैठका झाल्या, एकेका शब्दावरून खडाजंगी झाली. अखेर ठरलं ते असं: सगळे हक्क दोघांच्या एका संस्थेकडे, वाटा निम्मानिम्मा, एकट्याने काही विकायचं नाही, चित्राला हात लावायचा तर चित्रकाराला विचारून, खेळाला लावायचा तर गणितीला, आणि दोघांची नावं एकाच ओळीत.

सह्या झाल्यावर जिन्यापाशी बाईंना राहवलं नाही. "त्या शेवटच्या दीपगृहाच्या पलीकडे काय आहे हो?"

"काही नाही," गणिती म्हणाला. "तिथे जागा संपली होती."

"बेट आहे," मागून चित्रकार म्हणाला. "मी काढलं होतं. यालाच बसवता आलं नाही."

"एवढं मोठं काढल्यावर कसं बसणार?"

"मोठं? बेट काय सुपारीएवढं काढू?"

आणि तिथेच, पायरीवर, दोघांची पुन्हा जुंपली. समेटबाईंनी या वेळी मध्ये पडायचं नाव घेतलं नाही. कठड्याला टेकून, हातातली फाइल छातीशी धरून, त्या बेटावर काय काय आहे ते ऐकत राहिल्या.