फवारे सरांचं आउटफिल्ड

मोडलेलं हाड, मुरगळलेला पाय, फुटलेलं नाक, एकदा तर साधा ताप. या सगळ्यांवर आमच्या बेसबॉल संघाच्या मॅनेजरकडे एकच औषध होतं : दुखण्यावर मारायच्या थंडगार फवाऱ्याचा डबा. तो त्याच्या सफारीच्या खालच्या खिशात कायम असे. पोरगं पडलं की हा सावकाश चालत यायचा, डबा दोनदा खडखडवायचा, पँटवरूनच फुस्स करून मारायचा आणि म्हणायचा, "झालं. ऊठ." ताप आलेल्या पोराच्या कपाळावर त्याने तो मारला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. त्याचं खरं आडनाव वेगळं होतं, पण आम्ही त्याला फवारे म्हणायचो. तोंडावर अर्थातच सर आणि अहो-जाहो. इथे मात्र मी एकेरीवर येणार आहे. एवढा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

दिवसा तो एका सरकारी कचेरीत कारकून होता. बेसबॉलची बॅट त्याने आयुष्यात कधी फिरवली नसावी. नव्वदीतल्या नाशकात हा खेळ कुणालाच ठाऊक नव्हता, आणि फवारेला तो आवडायचं कारण नेमकं तेच होतं. "क्रिकेटला हजार पोरं रांगेत. खो-खोला पाचशे," तो आम्हाला समजावून सांगायचा. "इथे नुसता गणवेश घालून उभा राहिलास तरी जिल्ह्यात पहिल्या पंधरात आलास! राज्यात पहिल्या तिनांत आलो की प्रमाणपत्र, प्रमाणपत्र आलं की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. खेळ काय, नंतर शिकता येतो." हे ऐकून मला त्याची किळस यायची. पण मखमलाबादच्या मळ्यात पहाटे शेवंती तोडून, ती फुलबाजारात पोचवून, मी सायकल हाणत मैदानावर जायचो तो याच वाक्यापायी जायचो, हेही खरं आहे.

सामना चालू असताना तो मैदानाकडे पाठ करून उभा राहायचा. समोर पाहुण्यांच्या खुर्च्या असत, आणि कुठल्या साहेबाला चहा गेला नाही, कुणाला ऊन लागतंय, इकडे त्याचा सगळा जीव. मागून आरडाओरडा झाला की मान न वळवता तो "वा! वा!" म्हणायचा. एकदा आमचाच गडी बाद झाला होता, तरी वा वा.

आउटफिल्ड म्हणजे मैदानाच्या पार टोकाला, लांबचे चेंडू अडवायला उभे राहणारे तिघे. फवारेच्या संघात शहरातली, ओळखीपाळखीची पोरं आत बेसजवळ, म्हणजे धावणाऱ्यांच्या थांब्यांजवळ असत, फोटोत येतील अशा जागी. आम्ही बाहेर. उजवीकडे मालेगावचा सलीम, माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा मुलगा. इथे मामाकडे राहून शिकत होता. मध्ये मी. आणि डावीकडे निफाडचा निवृत्ती. वडील दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत कामाला, आणि याला पोलीस व्हायचं होतं. कालव्याच्या कडेने रोज पहाटे पळायचा. त्याच्याकडे मुक्कामाला गेलो की मी बघत बसायचो. तसा पळणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. पाय जमिनीला लागल्याचा आवाजच यायचा नाही. आमच्या वाट्याला मैदानाचा जो भाग होता तिथे निव्वळ मुरूम आणि दगड. दगड तेवढे तरी वेचून काढू या, असं आम्ही म्हटलं तर फवारे म्हणाला, "आउटफिल्ड म्हणजे कुंपण आहे रे. कुंपणाला काय लागतंय?"

चांगलं सांगण्यासारखं अगदीच नव्हतं असं नाही. बाहेरगावच्या स्पर्धेला गेलो की तो जेवणाच्या रांगेत आमच्या पुढे ताट घेऊन उभा राहायचा आणि वाढप्याशी भांडायचा, "माझ्या पोरांना दुसरी भाजी का नाही?" फाटलेले ग्लोव्ह स्वतः चांभाराकडे बसून शिवून आणायचा. सलीमचे रोजे असताना त्याच्यासाठी खजुराची पुडी विसरायचा नाही. हे मी लिहून टाकतो, कारण पुढे लिहायला मला जड जाईल.

दोन हजार सालाच्या आसपास राज्य स्पर्धा नाशकातच भरली. फवारेला आकाश ठेंगणं झालं. राखीव खेळाडूंच्या दोनच जागा होत्या, तिथे त्याने दोन साहेबांची दोन मुलं घातली. त्यांचे गणवेश शेवटपर्यंत इस्त्रीत राहिले. त्यातल्या एकाने पहिल्या दिवशी ग्लोव्ह भलत्याच हातात चढवला, तर फवारे कौतुकाने म्हणाला, "नवीन पद्धत दिसतेय!"

स्पर्धेच्या दहा दिवस आधी सरावात एक उंच चेंडू डावीकडे गेला. निवृत्ती वर बघत पळत होता. पाइपलाइनसाठी कुणीतरी खणून ठेवलेला चर त्याला दिसला नाही आणि त्याचा पाय आत गेला. गुडघा एवढा सुजला की पँट कापावी लागली. फवारे आला, डबा खडखडवला. दुखत असतानाही निवृत्ती मला म्हणाला, "आमी द्राक्षाला बी इतका मारत नाय रे." डॉक्टरांनी महिनाभर पळायचं नाही म्हणून सांगितलं.

मग सलीम डावीकडे आला आणि उजवीकडे एक साहेबपुत्र उभा राहिला. आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, चांगला होता, म्हणून दोन सामने निभावले. उपांत्य सामन्यात सलीमने चेंडूवर झेप घेतली आणि तो खांद्यावर आपटला, खाली दगड. मी धावत गेलो. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"सर, हड्डी गई," तो म्हणाला.

"हड्डी कुठली? धक्का बसलाय नुसता," फवारे म्हणाला आणि त्याने फवारा मारला. गळ्याजवळचं हाड सरळ दोन तुकडे झालेलं होतं. तो सामना आम्ही हरलो. उरला तिसऱ्या जागेचा, दुसऱ्या दिवशी सकाळी. जिंकलो तर प्रमाणपत्रं, हरलो तर सगळं पाण्यात.

सकाळी आणखी एक गंमत झाली. उजवीकडच्या मुलाचे वडील गाडीतून उतरले, मुरमाकडे बघितलं आणि म्हणाले, "काल त्या पोराचं काय झालं ते कळलं मला. आमचा आज खेळणार नाही." फवारे म्हणाला, "बरोबर आहे साहेब, मीच सांगणार होतो." दुसरा साहेबपुत्र उजवीकडे गेला. आता आठ झाले. नऊ नसतील तर सामना खेळताच येत नाही.

निवृत्ती निफाडहून एसटीने आम्हाला बघायला आला होता. गुडघ्याला पट्टी, पायात चप्पल. फवारेने मला बाजूला घेतलं. "तुझं ऐकतो तो. नुसतं उभं राहायचंय. त्याला सांग."

मी नाही म्हणू शकलो असतो. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे गुडघा नव्हता, माझी नोकरी होती. मी निवृत्तीजवळ जाऊन बसलो.

"नुसता उभा राहा," मी म्हटलं. "तुझ्या बाजूचं सगळं मी पळतो."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "तू पळशील ना?"

"पळतो म्हटलं ना."

"मंग ठीके." हात गळ्यात बांधून बघायला आलेल्या सलीमचे बूट त्याने मागून घेतले. ते त्याला थोडे घट्ट होत होते. पट्टी मीच आवळून बांधली.

तो सामना मला चेंडूगणिक आठवतो. मी खरोखर पळालो, दोघांचं पळालो, तीन झेल घेतले. निवृत्ती डावीकडे एका पायावर भार देऊन खांबासारखा उभा. शेवटच्या डावात आमची एका धावेची आघाडी होती, त्यांचे दोन गडी बाद झालेले, तिसरा गेला की सामना आमचा, पण दोघेजण बेसवर पळायच्या तयारीत. आणि चेंडू उडाला तो माझ्या आणि निवृत्तीच्या मधोमध, थोडा त्याच्याकडे. मी चार पावलं टाकली आणि मला कळलं की मला तो मिळणार नाही. पाचवं पाऊल टाकून बघता आलं असतं. ते न टाकता मी ओरडलो, "तुझा!"

तो पळाला. आठ-दहाच पावलं, पण ती त्याची जुनी, बिनआवाजाची पावलं होती. मग चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज आला आणि त्याच्या लगेच मागे दुसरा एक आवाज, ओली काठी मोडल्यासारखा. तो आडवा पडला होता. ग्लोव्ह वर धरलेला, त्यात चेंडू.

सगळी पोरं नाचत पिचरकडे धावली. मी निवृत्तीपाशी पोचलो, आणि तिथून मला खुर्च्यांसमोर उभा असलेला फवारे दिसला. गलका ऐकून त्याने मान वळवली आणि जवळच्या पोराला काहीतरी विचारलं. "जिंकलो का?" असं, हे त्या पोराने मला नंतर सांगितलं. फवारेने झेल बघितलाच नव्हता.

गुडघ्याच्या आतला बंध तुटला होता. निवृत्ती बरा झाला, म्हणजे चालायला लागला. पुढच्या वर्षी पोलीस भरती निघाली तेव्हा मी त्याच्याबरोबर गेलो. प्रमाणपत्राची फाइल त्याने माझ्याकडे दिली आणि तो पळायला उतरला. पहिली फेरी त्याने दात आवळून काढली. दुसऱ्या फेरीत तो कडेला गेला, खाली बसला आणि बूट सोडायला लागला. मी कुंपणाबाहेर ती फाइल छातीशी धरून उभा होतो. परत आल्यावर तो म्हणाला, "चल, च्या पिऊ." त्याच स्पर्धेच्या माझ्या प्रमाणपत्रावर मला वर्षभरात सरकारी नोकरी लागली. अजून तिथेच आहे.

फवारेला मी रस्ता बदलून टाळायला लागलो. त्याला पुढे निवड समितीत घेतलं म्हणे. त्याच्याविषयी कुणी विचारलं की मी त्याची नक्कल करून दाखवायचो, आणि लोक खूप हसायचे.

काही वर्षांनी तो निवृत्त झाला. त्याचा सत्कार ठेवला होता तो त्या दोन साहेबपुत्रांपैकीच एकाने. तोवर तो मोठा बिल्डर झाला होता. मला भाषण करायला बोलावलं. मी मुद्दाम हो म्हटलं. चर, मुरूम, गुडघा, सगळं माइकवरून सांगायचं ठरवलं. आठवडाभर मनात घोकत होतो.

सभागृहात फवारे शाल पांघरून बसला होता, निम्मा झाला होता. केस गेलेले, मान थोडी हलत होती. त्याने मला हात केला, पण नाव घेतलं ते दुसऱ्याच कुणाचं. माझी पाळी आली. मी माइकसमोर उभा राहिलो आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर निवृत्ती दिसला. डावा पाय वाटेत सरळ पसरून बसला होता. तो पाय आता गुडघ्यात वाकत नाही. मांडीवर द्राक्षांची पेटी. मला माहीतच नव्हतं तो येणार म्हणून. घोकलेलं पहिलं वाक्य जिभेवर होतं, पण ते त्याच्यासमोर बोलायचं म्हणजे त्यातला माझा वाटाही बोलावा लागला असता. मी म्हणालो, सर नसते तर आमच्यासारख्या पोरांना मैदान दिसलं नसतं. टाळ्या झाल्या. निवृत्तीनेही वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर तो पेटी घेऊन व्यासपीठाजवळ गेला. वाकता येत नसल्यामुळे एका हाताने टेबल धरून, कसाबसा तिरपा होऊन त्याने पायांकडे हात नेला. मी मागेच होतो.

"ओळखलं का सर?"

फवारेने डोळे बारीक केले. बराच वेळ बघत राहिला. खरंच आठवायचा प्रयत्न करत होता, एवढं मी म्हणेन.

"कबड्डीचा ना तू?"

मी पुढे झालो. आता मात्र सांगणार होतो. निवृत्तीने न बघता माझा दंड धरला आणि घट्ट दाबला.

"हो सर," तो म्हणाला. "कबड्डीचा."

"वाटलंच! पाय काय चपळ होते तुझे!" फवारे खुलला. शेजारच्याला कोपराने ढोसून सांगायला लागला, "असा पळणारा पोरगा नव्हता हो जिल्ह्यात!"

आम्ही बाहेर आलो. पायऱ्या उतरायला निवृत्तीला वेळ लागतो. एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. मी भांडायच्याच तयारीत होतो. "का गप्प बसवलंस मला? निदान आज तरी त्याला कळायला पाहिजे होतं."

तो कठड्याला धरून थांबला. दम लागला होता, पण चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं. ते मी कालव्याच्या कडेने पळणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिलेलं होतं.

"ऐकलं का तू?" तो म्हणाला. "पाय चपळ होते म्हनला."