बीरगावातली पहिली पाटी

नगरच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला आमच्या चर्चमधली वीसेक माणसं आली होती. गाडी लागली तसं कुणीतरी गीत सुरू केलं, आणि मग सगळेच गायला लागले. ड्रायव्हर इंजिन चालू करून बसला होता. कंडक्टरनं घंटीची दोरी हातात धरली, पण ओढली नाही. "होऊ द्या कडवं पुरं," म्हणाला. मी मात्र रडत होते, त्यामुळे शेवटचं कडवं मला ऐकूच आलं नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. बायबल ट्रेनिंग नुकतंच संपलं होतं आणि मिशननं मला पहिलीच नेमणूक दिली ती रायपूरला. आईला हे अजिबात पटलं नव्हतं. "लग्न करून गेली असतीस तर कुणाच्या घरी चाललीस ते तरी कळलं असतं," असं ती आठवडाभर म्हणत होती, आणि म्हणता म्हणता शेंगदाण्याची चटणी कुटत होती. दादा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. ते खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "शालिनी, लोकांच्या अंगणात आधी बसायचं, मग बोलायचं." मला ते शब्द त्या वेळी फार साधे वाटले. माझ्या वहीत पंधरा प्रवचनं लिहून तयार होती!

रायपूर राजधानी होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. शहरात जिकडे तिकडे पाट्या रंगवणं चाललं होतं. शंकर नगरात बंगल्या-बंगल्यांवर सरकारी ऑफिसांची नावं चढत होती आणि 'मध्यप्रदेश' पुसून 'छत्तीसगढ़' लिहिलं जात होतं. काही ठिकाणी नव्या रंगाखालून जुनं नाव अजून डोकावत होतं. मला ते बघून बरं वाटलं. म्हटलं, चला, इथं मी एकटीच नवखी नाही.

माझं काम रायपूरला लागूनच असलेल्या बीरगावात होतं, शेजारच्या उरल्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांमध्ये. मिशनच्या कामावर देखरेख करणाऱ्या एस्तेर दीदींनी मला तिथं मेश्राम मावशींकडे खोली बघून दिली होती. मावशी मूळच्या भंडाऱ्याच्या, बौद्ध. काका रेल्वेत. घरात दोघं मराठी बोलायची आणि मुली हिंदीत उत्तर द्यायच्या. मी दारात उभी राहून आमच्या रीतीप्रमाणे "सलाम" म्हटलं. मावशींनी "जय भीम" म्हटलं आणि माझी बॅग आत घेता घेता करारच करून टाकला.

"हे पाय पोट्टी, तू मले तुह्या येशूचं सांगू नको, मी तुले बाबासाहेबांचं सांगत नाही. दोघी मिळून भाजी निवडू. जमते का?"

"जमतं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पहिले आठ दिवस वाईट गेले. सकाळी वही काखेत घेऊन मी पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, फिरायची. दारं उघडायची, बायका हसून "बइठ दीदी" म्हणायच्या, मी उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात करायची, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू पडदा उतरायचा. माझं हिंदी शाळेतलं, त्यांची बोली छत्तीसगढ़ी. आठव्या दिवशी मी मावशींना सांगितलं की मी परत चालले, हे काम माझ्याच्यानं होणार नाही.

"काहून वं?" मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणी ऐकतच नाही माझं."

"तू त्यायचं काही आयकलं का?" मग सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. पाण्याची एक गुंडी त्यांनी घेतली, दुसरी माझ्या हातात दिली. "चाल माह्यासंगं. बोरिंगवर पाणी भरून राहिल्या साऱ्या."

बोरिंग म्हणजे हातपंप. तिथं मी वही न नेता गेले, हे त्या दिवशीचं माझं एकमेव शहाणपण. मी पंप मारला, बायकांनी भांडी लावली. फूलबाई नावाची एक चाळिशीची बाई होती, सळयांच्या कारखान्यात जाणारी. तिनं माझ्या हाताला आलेला फोड पाहिला, पंपाचा दांडा माझ्याकडून काढून घेतला आणि विचारलं, "तैं पढ़े हस, दीदी?" शिकलेली आहेस का? मी हो म्हटलं. तिनं रस्त्याकडे बोट केलं. नाक्यावरच्या सरकारी भिंतीवर राज्याचं नवं नाव रंगवलं होतं. रोज कामाला जाताना ती त्यासमोरून जायची. "सगळे म्हणतात आपलं राज्य झालं," ती म्हणाली, "मला ते वाचायचंय." अर्थात ती हे तिच्या बोलीत म्हणाली, पण मला शब्दन् शब्द कळला.

रविवारी दुपारी मावशींच्या अंगणात अक्षरं शिकायला सात जणी आल्या. मी आनंदानं म्हटलं, "दीदी, सब लोग खाली बैठिए."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग फूलबाई म्हणाली, "खाली बइठबो त खाबो का?" आणि जो हशा पिकला! मावशी तर भिंतीला टेकल्या. मराठीतलं 'खाली बसा' हिंदीत 'रिकामटेकडे बसा' होतं, हे मला त्या क्षणी समजलं. रिकामं बसलो तर खायचं काय, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. मीही हसत सुटले, रायपुरात आल्यापासून पहिल्यांदाच.

मग मी पाटीवर मोठ्या अक्षरात राज्याचं ते नाव लिहिलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा गिरवलं. फूलबाई मात्र खडू हातात धरून माझ्या पाटीकडेच बघत होती.

"दीदी, ओ बोर्ड मा आखरी के खाल्हे एक ठन बिंदी हे. तोर मा नइ हे."

मला आधी कळेना. मग लक्षात आलं: भिंतीवरच्या शेवटच्या अक्षराखाली टिंब होतं, माझ्या पाटीवर नव्हतं. मराठीच्या सवयीनं मी 'ढ' लिहिला होता, खालचा नुक्ता न देता. एकही अक्षर न येणाऱ्या बाईनं भिंतीवरची ती टिकली रोज जाता-येता मनात टिपून ठेवली होती. मी पाटी तिच्यासमोर धरली. तिनं पुढे होऊन माझ्या अक्षराखाली टिंब ठेवलं, आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेली गोष्ट म्हणजे माझी दुरुस्ती! त्याच वेळी मला हेही समजलं की खालीला ते 'खाल्हे' म्हणतात. म्हणजे मी काही फार परक्या मुलखात आलेले नव्हते.

महिन्याअखेरी एस्तेर दीदी आल्या. "प्रार्थना में कितने लोग आते हैं?" मी खरं ते सांगितलं: एकही नाही. सात जणी लिहायला शिकत आहेत, बस. मला वाटलं, आता परतीचं पत्र निघणार. दीदी अंगणात गेल्या, फूलबाईच्या शेजारी चटईवर बसल्या आणि तासभर तिची अक्षरं बघत राहिल्या. निघताना म्हणाल्या, "शालिनी, तू जो कर रही है, करती रह. बाकी ऊपरवाले का काम है."

त्या नाताळात मी कुणालाच बोलावलं नव्हतं. सातही जणी नटूनथटून चर्चच्या मागच्या बाकावर येऊन बसल्या, सोबत मावशीही. "मी गाणं आयकाले आली, तुह्या येशूले नाही," मावशींनी मला बजावलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

नगरला राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या बॅगा भरून निघालेल्या पोरींनो, हे सगळं तुमच्यासाठी लिहिलं. एका वर्षासाठी आले होते, वीस वर्षं होऊन गेली. माझी मराठी आता नगरची राहिली नाही. भाच्या मला हसतात, "आत्या, तू 'हो'च्या जागी 'हव' म्हणतेस!" दादा गेले तेव्हा मी तिकडे महिनाभर होते. फूलबाईनं तेवढ्यात मला पत्र पाठवलं, चार ओळींचं, सगळे नुक्ते जागच्या जागी.

गेल्या उन्हाळ्यात आईला भेटून परत आले. इतकी वर्षं ती रायपूरला 'तिकडं' म्हणायची. "तिकडं पाऊस आहे का, तिकडं भाकरी मिळते का." त्या दिवशी मी खोलीचं कुलूप उघडत होते आणि तिचा फोन आला. आवाज थकलेला, पण शब्द स्वच्छ.

"पोचलीस का गं घरी?"

मी दारात थांबले. पलीकडे स्वयंपाकघरात मावशींनी आधीच चहा टाकला होता, त्याचा वास येत होता.

"हो आई," मी म्हटलं, "पोचले."