नेरडीगोंड्याचा उतार

आमच्याकडचे बाकीचे जावई दिवाळीला पाहुणचार झोडायला यायचे, आमचे भाऊजी सायकल दामटायला यायचे. भैंशाला त्यांचं किराणा दुकान होतं. वर्षभर गल्ल्यावर बसून बसून कंबर धरते म्हणायचे, म्हणून भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी त्यांना डोंगर हवा असायचा. ताईला आणि मला घेऊन सकाळच्या बसनं नेरडीगोंड्याला निघायचे. "जवाई हाये का पोस्टमन," असं आई त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटायची आणि भाकरी बांधून द्यायची.

आदिलाबादच्या स्टँडवर सायकली बसच्या टपावर चढवायच्या. कंडक्टर खालून तेलुगूत "पैना पेट्टु, पैना पेट्टु", म्हणजे वर ठेवा, असं ओरडायचा, जसं काही आम्ही त्या त्याच्या मांडीवर ठेवणार होतो. भाऊजींची सायकल भाड्याची, बारकी, कॅरियर नसलेली. माझी म्हणजे वडिलांची. ते तिच्यावरून मळ्यातली भाजी बाजारात न्यायचे, त्यामुळे तिचं कॅरियर रुंद आणि दणकट होतं आणि त्याला मेथीचा वास कायमचा चिकटलेला होता. ताई माझ्या मागे बसायची.

तेव्हाचं नेरडीगोंडा म्हणजे हायवेच्या दोन्ही अंगांना चार दुकानं, चहाच्या टपऱ्या आणि मागं सागाचे डोंगर. तिथून कच्चा रस्ता कुंतल्याच्या धबधब्याकडे जातो. आधी चढ, मग पठार, मग एक लांबलचक उतार. उताराच्या पायथ्याशी सायकली झाडाला टेकवायच्या आणि पुढं पाण्यापर्यंत पायवाटेनं उतरायचं. दिवाळीचे दिवस, त्यामुळे आजूबाजूच्या गुड्यांमधून, म्हणजे गोंडांच्या पाड्यांमधून, दंडारी नाचाचे ढोल वाजत असायचे.

त्या उताराला आमच्या सायकलीचे ब्रेक पुरे पडत नसत. भाऊजी बैलगाडीवाल्यांकडून एक युक्ती शिकले होते. रानातली पानांसकट मोठी फांदी तोडायची, दोरीनं कॅरियरला बांधायची आणि मागं फरपटत न्यायची. फांदी रस्ता धरते, सायकल पळत नाही. माझ्या सायकलीवर ताईचं ओझं, म्हणून फांदी माझ्याच मागं. उतार सुरू व्हायच्या आधी मी म्हणायचो, "ताई, घट्ट धर." ती म्हणायची, "मी धरलंच हाये, तू समोर पाह्य." मग धुरळा उडवत आम्ही खाली यायचो. ती इतकी हसायची की सायकल हलायची आणि मी तिच्यावर खेकसायचो.

ताई पहिल्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं.

त्या वर्षी भाऊबीजेला कोणी येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. भाऊजी आले. आईनं पाणी दिलं, ते ओसरीवर बसून राहिले, कोणीच तिचं नाव काढलं नाही. सकाळी मी न विचारता सायकल काढली. उताराशी आल्यावर भाऊजींनी सवयीनं फांदी तोडली आणि माझ्या कॅरियरला बांधायला लागले.

"रिकामी तर हाये सायकल," मी म्हणालो. "फांदी कायले?"

"राहू दे," ते म्हणाले. त्यांचे हात दोरीवर थांबले नाहीत.

पुढची काही वर्षं आम्ही दोघंच जात राहिलो.  वर्षातला तो एक दिवस ताई आमच्यातून पूर्ण गेलेली नाही असं मला वाटायचं, आणि त्या दिवसाला कोणी हात लावू नये एवढंच मी मनात धरून होतो.

भाऊजींनी दुसरं लग्न करावं म्हणून मागं लागली ती माझी आईच. मला तेव्हा तिचा राग आला होता. आमच्यात रीत आहे. पहिली बायको वारलेली असेल तर तिच्या नावाचा चांदीचा टाक करून तो दुसरीच्या गळ्यात घालतात. आणि ती दुसरी पहिलीच्या माहेरची लेक होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती आली. माझ्याहून लहान, बारीक अंगाची, चुलत्याकडे वाढलेली, स्वतःचं माहेर नसल्यासारखंच. मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात आमच्या ताईचा टाक. आईनं तिची ओटी भरली, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि आत जाऊन रडली.

भाऊबीजेला तिनं मला ओवाळलं. आई म्हणाली, "तिले ताई म्हन. तुई बहीनच हाये ते आता."

मी म्हटलं नाही. ओवाळणी टाकली आणि उठलो. तिच्याशी बोलायची वेळ आली की "अहो", "ऐका", "तुमी" यावर भागवायचो. एक शब्द होता माझ्याजवळ, तो एका माणसाचा होता. तो दुसऱ्या कोणाला द्यायला माझा जीव होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती पण नेरडीगोंड्याला निघाली. भाऊजींच्या सायकलीला कॅरियर नाही. स्टँडवर मी म्हणालो, या कॅरियरवर भाजीचं पोतं बसंल, दुसरं कोणी नाही. भाऊजी सायकली टपावर चढवायला लागले. तिनं ऐकलं आणि पदर खोचला. चढ, पठार, उतार सगळं ती पायी चालली. आम्ही खाली पोचून वाट पाहत बसलो आणि ती बऱ्याच वेळानं धुळीनं भरलेल्या पायांनी आली, तक्रार न करता. मला तिच्या त्या तक्रार न करण्याचाही राग आला.

पाण्याशी गेल्यावर तिनं विचारलं, "ताई कुठं बसत होत्या?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी कडेचा खडक दाखवला. ती तिथं गेली, पण बसली नाही. वाकून तिनं गळ्यातला टाक पाण्यात बुडवला, पदरानं पुसला आणि परत आत टाकला. "ताईले पानी दाखवलं," ती म्हणाली. दर वर्षी ती तेवढंच करायची. दर वर्षी पायीच उतरायची.

भाऊजी गेले ते दुकान उघडताना. शटर अर्धं वर, आणि ते खाली. मूल नव्हतं. तेराव्याला मी भैंशाला होतो. तिच्या सासरच्या बायका म्हणत होत्या, मंगळसूत्र उतरलं, आता टाकही नदीत सोडून दे, त्याचं काम संपलं. तिनं दोरा मुठीत धरला.

"मंगळसूत्र त्याइचं होतं, देलं," ती म्हणाली. "हे माह्या माहेरचं हाये."

त्या दिवाळीला ती येईल की नाही, हे विचारायची आईची हिंमत नव्हती आणि माझी तर नव्हतीच. तिला आमच्याशी जोडणारी दोन्ही माणसं गेली होती. भाऊबीजेच्या सकाळी मी उगाच दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. दुपारी ती आली, हातात एक पिशवी. आईच्या गळ्यात पडली. संध्याकाळी ओवाळायला तिचे हात पुढे होईनात. आईनं ताट तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बहिनीले काही होत नाई. ओवाळ."

सकाळी ती म्हणाली, "भाऊ, नेरडीगोंड्याले न्याल का? त्याइले पन पानी दाखवाचं हाये."

बसच्या टपावर एकच सायकल. चढावर मी ती ढकलत चाललो, ती शेजारून.  उतार आला तशी तिनं सवयीनं पदर खोचला आणि रस्त्याच्या कडेनं खाली चालायला लागली.

मी सायकल उभी केली. सागाची फांदी तोडली, कॅरियरला बांधली, गाठ ओढून पाहिली. मग फडक्यानं कॅरियरवरची माती झटकली. 

"ताई," मी म्हणालो, "बस मागं. घट्ट धर."

ती उभीच राहिली. मग परत वर आली, हळूच कॅरियरवर बसली. एका हातानं तिनं सीट धरली आणि दुसऱ्या हातानं गळ्यातला टाक.

"बसलो आमी दोघी," ती म्हणाली. "चाल."

मी ब्रेक सोडले.