मोडलेल्या टूलांचा डबा

इंदापूरकडच्या एका वर्कशॉपमध्ये मी शिकाऊ होतो. पत्र्याची शेड इतकी तापायची की रोज वाटे, उद्या येऊ नये. पण कॉलेज शिकलेला घरात मी पहिलाच, काम सोडून घरी सांगणार काय?

चौथ्या दिवशी लेथवर लोखंड कापताना माझ्या हातून टूल मोडलं. तुकडा मी खिशात लपवला. शेजारच्या मशीनवरचे तात्या कायम मान तिरकी करून मशिनींचे आवाज ऐकत, त्यांना कळलंच. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोडक्या टूलांचा डबा सगळ्यांपुढे पालथा केला.

"ह्ये माझं, ह्ये फोरमनसायबाचं. तुझं टाक अन् कसं मोडलं सांग. लपवलंस तर उद्या दुसऱ्याच्या हातनं मोडंल."

मी अडखळत सांगितलं. "दाब जास्त दिला," एकजण म्हणाला. "न्हाय, टूल गार ठेवायला पाणी कमी सोडलं," दुसरा. वाद पेटला. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी मी जेवलो नव्हतो, आणि पहिल्यांदाच मला मशीनवर परतायची घाई झाली होती.