इब्राहीमभाईंच्या नावावरचा चहा

आमच्या दैनिकात गुन्ह्यांच्या बातम्या सुलेखा लिहिते. देवगाव रंगारीची पोरगी, जीभ तिखट. तिच्या मजकुराला कात्री लावणं माझं काम, ती लावू देईल तेवढीच. पोलिसाचीच मोटारसायकल चोरीला गेली तेव्हा तिनं शीर्षक दिलं होतं, ‘बंदोबस्त चोख, गाडी गायब’. ठाण्यातले लोक तिच्यावर चिडतात आणि सकाळी सगळ्यात आधी तिलाच वाचतात.

गेल्या रमजानमध्ये शहागंजचे चित्रकार इब्राहीमभाई आपल्याच स्टुडिओच्या जिन्याखाली मरून पडलेले सापडले. हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, उतारवयात अजिंठ्यावरून मोठी चित्रं काढू लागले. ती विश्वजीत नावाचा गॅलरीवाला विकायचा. शेवटचा भेटलेला तोच. त्याचा जबाब घेऊन पोलिसांनी अपघाताची नोंद केली आणि विषय मिटवला.

मग त्यांची मुलगी झेबा आमच्याकडे आली. “अब्बूंना शुगर होती. लोक म्हणतात, पोरीनं रोजा ठेवू दिला, म्हणून चक्कर येऊन पडले. त्या दिवशीची पहाटेची सहरी मीच वाढली होती, ताई. पण विश्वजीत त्यांच्या चित्रांवर स्वतःची सही करून विकत होता. त्या दुपारी अब्बू त्याला जाब विचारणार होते.”

पुरावा काय, असं मी विचारलं. सुलेखानं माझ्याकडं रोखून पाहिलं आणि वही उचलली.

ती गुलमंडीच्या गॅलरीत गेली. विश्वजीतच्या परवानगीनंच तिनं फोनवर रेकॉर्डिंग लावलं.

“मी कलेची सेवा करतो,” तो म्हणाला.

“चित्र दुसऱ्याचं, सही तुमची. सेवा दांडगी आहे.”

तो कसनुसा हसला. “अहो, आमचं घरचं नातं होतं. त्या दुपारीसुद्धा चहा घेतला दोघांनी. मी नको म्हणत होतो, पण त्यांनी खालून मागवलाच. मी गेल्यावर पडले असतील बिचारे.”

आमच्या शहरात कोणाकडं गेलो हे सांगताना चहा आपोआप तोंडात येतो. त्याशिवाय जिव्हाळा खरा वाटत नाही. विश्वजीतला जिव्हाळाच दाखवायचा होता. महिना कोणता, हे तो विसरला.

इब्राहीमभाईंच्या स्टुडिओच्या जिन्याखालीच गोकुळचं चहाचं हॉटेल. सुलेखा तिथं गेली. तो म्हणाला, “रमजानमधी भाई दिवसा पाण्यालाबी शिवत नव्हते. वर चहा गेलाच नाय. भांडण मात्र लई ऐकू आलं.”

“मग पोलिसांना सांगा.”

“मला हितंच धंदा करायचाय, ताई.”

“करा की. मी बसते.”

आणि ती खरोखरच बसली. रोज जायची, चहा प्यायची, पुन्हा तेच विचारायची. गिऱ्हाईकंही गोकुळला विचारू लागली, तेव्हा तो वैतागून तिच्याबरोबर ठाण्यात गेला.

ठाण्यात विश्वजीतला बोलावून ते रेकॉर्डिंग ऐकवलं. तर म्हणे, इब्राहीमभाई चोरून चहा प्यायचे. मला कळलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या माणसाचा रोजा तोडायला निघाला होता हा. पोलिसांनी गोकुळला समोर उभं केलं. सह्यांवरून हमरीतुमरी झाली, जिन्याच्या तोंडाशी आपण त्यांना ढकललं, असं शेवटी विश्वजीतनं कबूल केलं.

त्या संध्याकाळी सुलेखानं बातमी सरळ लिहिली. शीर्षकात गंमत केली नाही. मीही एक शब्द कापला नाही.

झेबानं ती आमच्या टेबलाशी उभ्यानं वाचली. मग खुर्ची ओढून बसली.

“म्हणजे रोज्यामुळं नाही गेले.”

“नाय,” सुलेखा म्हणाली. “ढकललं त्यांना.”

झेबा बराच वेळ रडली. मग डोळे पुसत म्हणाली, “तेव्हापासून मी रोजाच ठेवला नाही, ताई. सहरीचं ताट वाढायला हात धजत नव्हता. उद्या ठेवते.”

सुलेखा टेबलामागून उठली. तिनं झेबाला जवळ घेतलं.